बोअरच्या पाण्यावर घरचं उटणं, अभ्यंग तेल आणि साबण: सोलापुरातल्या प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

दिवाळीला घरात वापरायला आणि नात्यात द्यायला तीन गोष्टी करायच्या ठरवल्यात, उटणं, अभ्यंगाचं तेल आणि साबण. विकायचं नाहीये त्यामुळं लेबल-बिबल काही नाही, पण वजनमाप सगळं लिहून ठेवतेय, कारण शोधताना मला जे मिळालं ते सगळं एक वाटी, अर्धी वाटी, अंदाजानं असलं होतं आणि साबणात अंदाजानं घालून चालत नाही. नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, साबण मुरायला सहा आठवडे, म्हणून साबण आधी. बुधवारी पितृपक्ष लागतोय, त्याच्या आत काय ते सुरू कर असं आत्यांचं (सासूबाई) म्हणणं, म्हणजे तोही मुहूर्त जुळला.

आधी पाणी तपासलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ते प्यायला आणि स्वयंपाकाला, आंघोळ-धुणं सगळं बोअरवर. सोलापुरात ज्याच्याकडं बोअर आहे त्याला बादलीच्या काठावरचा पांढरा थर काय सांगायचा. तर तीन बाटल्या घेतल्या, एकीत बोअरचं, एकीत नळाचं, एकीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. तिन्हीत विकतच्या साबणाचा कीस सारखाच टाकून हलवलं. डिस्टिल्डमध्ये फेस तोंडापर्यंत, नळाच्यात बरा, आणि बोअरच्या बाटलीत फेस नाहीच, वर दूध नासल्यासारखा चोथा. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा साका होतो, तोच मग अंगावर आणि फरशीवर बसतो, आणि आपण म्हणतो हिवाळ्यात कातडी ओढते. मग सहज म्हणून बोअरच्याच पाण्यात रिठे कुस्करून हलवले तर फेस मस्त. रिठ्यातल्या सॅपोनिनचा (फेस करणारा घटक) पाण्यातल्या क्षारांबरोबर तसला साका होत नाही. घरी करून बघायला ही चाचणी फुकट आहे, काही करायच्या आधी ती करा.

१७ सप्टेंबर, मंगळवार (अनंत चतुर्दशी, सुट्टी)

साबणाची पहिली बॅच. तेल ५०० ग्रॅम: करडई ३००, नारळ १५०, एरंडेल ५०. करडई एवढी का तर आपल्या जिल्ह्याचं पीक, लाकडी घाण्याचं ताजं मिळतं, आणि सोलापूरच्या साबणात सोलापूरचंच तेल पाहिजे असा माझा एक हट्ट. कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, याच्यानंच तेलाचा साबण होतो) ७१ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १६५ ग्रॅम. हिशोब असा की प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा, नारळाला ग्रॅममागं ०.१८३, करडईला ०.१३६, एरंडेलला ०.१२८, गुणून बेरीज करायची आणि त्यातून ५ टक्के कमी करायचा म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं, अंगाला तेच बरं.

कॉस्टिकबद्दल. चादरी-टॉवेलचं गाव असल्यानं रंग-केमिकलच्या दुकानात हा पोत्यानं मिळतो, स्वस्त. पण उघड्या पोत्यातला सोडा हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, मग तुमचे ७१ ग्रॅम हे खरे ७१ राहत नाहीत. शाळा-कॉलेजच्या लॅबला सामान देणाऱ्या दुकानातून ५०० ग्रॅमची बंद बरणी आणली, २४० रुपये. नाल्या साफ करायची पावडर वापरू नका, त्यात काय काय असतं.

स्टीलचं पातेलं. अॅल्युमिनियम अजिबात नाही, कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन निघतो. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. गॅलरीत केलं, तोंड बाजूला, चष्मा, हातमोजे, पोरगं आजीकडं. पातेल्याला हात लावता येत नाही एवढं तापतं. आणि शेजारी भरलेली बादली ठेवा, आमच्यासारख्या ठिकाणी हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण अंगावर उडलं तर बराच वेळ धो धो पाणीच सोडायचं असतं (व्हिनेगर चोळत बसायचं नाही) आणि नेमकं तेव्हा टाकी रिकामी असायची.

दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून हँड ब्लेंडरनं फिरवलं. घट्ट व्हायचं नावच घेईना. नारळाचं तेल जास्त असलं की दहा-पंधरा मिनिटात सायीसारखं जमतं म्हणे, इथं थांबून थांबून फिरवत तासाच्या वर गेला, ब्लेंडर गरम. बाहेर ढोल, आत मी. हळद एक चमचा घातली होती, पिवळा धम्मक साबण डोळ्यासमोर, आणि झाला विटकरी लाल. कुंकू हळदीला चुना लावून करतात ते माहीत असून डोक्यात आलं नाही, हळद चुना-कॉस्टिकसारख्या अल्कलीत लाल होते. ओतलं बटर पेपर लावलेल्या बिस्किटाच्या डब्यात.

२० सप्टेंबर

तीन दिवस झाले, बोट दाबलं की खळगा. कापायला घेतला तर सुरीला चिकटतोय. अजून ठेवला.

२२ सप्टेंबर, रविवार

काष्ठौषधीची खरेदी, बाळीवेशीकडं जाऊन. कचोरा, नागरमोथा, वाळा, गव्हला कचरी, आंबेहळद, मुलतानी माती, सगळं अख्खं घेतलं, पावडर नाही. पावडरीत काय मिसळलंय ते कळत नाही, अख्खा कचोरा तोडून हुंगता येतो. सगळ्याचे मिळून सहाशेच्या आसपास गेले, त्यात गव्हला कचरी सगळ्यात महाग आणि दिसायला सगळ्यात फुटकळ. चंदन पावडर म्हणून जे दाखवलं त्याचा वास उदबत्तीचा होता आणि भाव खऱ्या चंदनाच्या जवळपासही नव्हता, म्हणजे काय ते समजून घेऊन परत ठेवलं. या उटण्यात चंदन नाही.

संत्र्याच्या साली मी ऑगस्टपासून वाळवत होते. सोलापुरात पाऊस कमी हे खरं पण जो पडतो त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरात पडतो, गच्चीवरच्या साली वरून कडक आणि आतून लिबलिबीत, काहींवर हिरवी बुरशी. बुरशी आलेल्या तेवढ्याच काढून बाकीच्या ठेवू असं वाटतं पण सगळ्या टाकल्या, एका ताटात होत्या, आणि हे अंगाला लावायचंय. नवीन साली आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून, पातळ चिरून, पंख्याखाली. तशा वाळल्या. चुरगाळल्यावर कट्कन मोडली तरच वाळली.

डाळिंबाच्या सालीही घेतल्या, त्या इथं मागायलासुद्धा लागत नाहीत, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या गावात साली काय कमी.

२५ सप्टेंबर

दळण. मिरची-मसाला कांडतात तिथं पिशवी घेऊन गेले, तर कांडपवाल्या दादांनीच हात जोडले, "ताई, आत्ता ब्याडगी काढलीय, तुमचं हे तोंडाला लावायचं सामान हितं नका टाकू." देव भलं करो त्यांचं. पिठाच्या गिरणीत वासाचं दळण घेत नाहीत, पुढच्याच्या भाकरीला कचोऱ्याचा वास लागतो म्हणून, तेही बरोबर.

मग घरचा मिक्सर. नागरमोथा आणि कचोरा दगडासारखे, तसेच टाकले, मिक्सर दोन मिनिटात गप. मोटर जळाली म्हणून नवऱ्याचं भाषण ऐकलं, मग कळलं की खाली लाल बटण असतं, जास्त लोड आला की ते बाहेर येतं, अर्ध्या तासानं दाबलं की सुरू. आता आधी खलबत्त्यात ठेचून, उन्हात तापवून, मग मिक्सर, एका वेळी मूठभरच. वाळा मिक्सरमध्ये होतच नाही, नुसत्या दोऱ्या. तो तेलासाठी बाजूला ठेवला.

चाळणं हे खरं काम. मैद्याच्या चाळणीनं चाळलेलं बोटांना मऊ लागतं पण ओल्या कातडीवर फिरवलं की नागरमोथ्याचे धागे बोचतात. मलमलच्या जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ केलं, एक किलोला अख्खी दुपार. हे वाचून कुणी करणार असेल तर दुपारींचा हिशोब आधीच धरा, उटण्याची किंमत सामानात नाही, इथं आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

उटणं नंबर एक, घरातल्या चौघांवर. मसूर डाळ निम्मी, मुलतानी पाव, बाकी सुगंधी, वर डाळिंबाची साल आणि साधी हळद.

काय काय झालं ते लिहिते. मुलतानी एवढी घातल्यानं अंग आंघोळीनंतर लगेच ओढायला लागलं, एक तर बोअरचं पाणी, त्यात आपली कोरडी हवा, त्यात तेल शोषणारी माती. मुंबई-कोकणाच्या दमट हवेतली कृती तशीच उचलली की असं होतं. डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिननं आणखी आवळलं. साध्या हळदीनं पांढरा टॉवेल पिवळा, चांगला जाड सोलापुरी टॉवेल हो, आत्यांनी तो साबणानं घासला तर लाल झाला (साबणासारखंच प्रकरण), पण दोन दिवस कडक उन्हात टाकल्यावर डाग बऱ्यापैकी उडाला, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. आणि मोरी तुंबली. माती आणि डाळीचं पीठ जाळीखाली बसून घट्ट झालं होतं, नवऱ्यानं तार घालून काढलं आणि काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

जावेच्या मुलीला पोटऱ्यांवर खाज आली. तिला सगळं बंद केलं आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ गेल्यावर एकेक पावडर वेगवेगळी पाण्यात कालवून कोपराच्या आत रुपयाएवढी लावली, दिवसाला एक. संत्रा नाही, कचोरा नाही, डाळिंबाची साल लावली तर लाल. काढून टाकली. डाळिंब खायलाच बरं. पाहुण्यांना द्यायच्या पुडीवर "आधी हातावर लावून एक दिवस थांबा" हे आता मोठ्या अक्षरात लिहिणार.

६ ऑक्टोबर, रविवार (नवरात्र)

हा दिवस आला नसता तर सगळ्यांना तेच मातीचं उटणं गेलं असतं.

अशोक चौकाकडं राहणाऱ्या अक्का, आमच्या जुन्या शेजारीण, तेलुगू घरातल्या. पूर्व भागात त्यांच्याकडं बतुकम्मा (तेलुगू बायकांचा फुलांचा सण) चालू होती, फुलांचा थर रचायला मी पण बसले, आणि ते पिवळं फूल हातात आलं, तरवड. आपण घटाच्या माळेला वापरतो तेच. अक्का म्हणाल्या हे वाळवून सुन्निपिंडीत घालतात. सुन्निपिंडी म्हणजे त्यांचं उटणंच. मी माझी रडकथा सांगितल्यावर त्यांनी माझी यादी बघितली आणि पहिलंच, "मसूर येवढी कशाला घालालीस गं, मूग घाल की. आणि ही माती काढ, माती काय भांडी घासायला?" सालाच्या हिरव्या मुगाचं पीठ, थोडे तांदूळ, कचोरा, हळद, तरवडाची फुलं, बस्स, त्यांच्या घरात तान्ह्या पोरापासून सगळ्यांना हेच. डाळ नुसती दळायची नाही, कोरडीच कढईत जरा शेकून घ्यायची, म्हणजे ओलावा जातो आणि किडे लागत नाहीत. आणि कोरड्या अंगावर लावायचंच नाही, आधी तेल, मग उटणं, तेलावर ते चढतं आणि जास्तीचं तेल घेऊन निघतं. आपल्याकडंही दिवाळीला हाच क्रम आहे की, तेल मग उटणं, मी एकटीच टीव्हीतल्यासारखा कोरड्या तोंडाला पॅक लावत बसलेले.

तरवड होटगी रोडला माळावर भरपूर आहे. रस्त्याच्या कडेची फुलं घेऊ नका, त्यावर गाड्यांचा धूर असतो, आत जाऊन घ्या. सावलीत वाळवायची, उन्हात रंग जातो. पिशवीभर फुलांची वाळून मूठभर होतात, त्यामुळं दोनदा जाणं आलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार (दसरा)

उटणं नंबर दोन, हेच शेवटचं. एका किलोचं माप, सगळं वस्त्रगाळ झाल्यावरचं वजन:

मूग ४३० ग्रॅम, मसूर २००, तांदूळ ५०, कचोरा ५०, नागरमोथा ५०, संत्र्याची साल ५०, मुलतानी ५०, आंबेहळद ४०, तरवड ४०, गुलाबपाकळी २०, गव्हला कचरी २०.

अक्कांनी माती काढ म्हटलं तरी थोडी ठेवली, तिच्यानं पीठ अंगावर एकसारखं पसरतं. आंबेहळद साध्या हळदीपेक्षा फिकी, टॉवेल वाचतो. एका वाटणीत रिठा पावडर घालून बघितली, बोअरच्या पाण्यात फेस हवा म्हणून. चाळताना घरातले सगळे शिंकून शिंकून बेजार, मांजर घर सोडून गेलं, आणि तोंड धुताना डोळ्यात गेलं की पाणी थांबत नाही. रिठा केसाला ठेवा, उटण्यात नको. तसंही या पिठाला फेसाची गरजच नाही, बोअरच्या पाण्यात साका होत नाही हा त्याचा मोठा फायदा, साबणानं जी अंगावर राप बसते ती उटण्याच्या दिवशी नसते.

कोरफडीचा मध्येच एक उद्योग केला होता तो इथंच लिहून टाकते. कुंडीतली पात कापून, पिवळा कडू चीक निथळून, गर मिक्सरला लावून गुलाबपाण्यात मिसळून बाटली भरली, फ्रिजमध्ये ठेवली. आठवड्याच्या आत गुलाबी झाली आणि वास. पाणी असलेली कुठलीही गोष्ट प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही, फ्रिज असो नसो. त्या दिवसापासून नियम केला, द्यायच्या सामानात पाण्याचा थेंब नाही, पाणी ज्याचं त्यानं आंघोळीच्या वेळी घालावं. लिंबाच्या रसाचं स्क्रब, दह्याचा पॅक असलं सगळं त्यात बाद झालं. लिंबू तर लावून उन्हात गेलं की कातडीवर डाग पडतात, आणि आपल्याकडं ऑक्टोबरातसुद्धा ऊन काय कमी असतं का. आत्यांनी शतधौत तूप सुचवलं होतं, तांब्याच्या परातीत तूप घेऊन शंभर पाण्यानं फेटायचं. मी म्हटलं शंभर पाणी कुठून आणू.

१६ ऑक्टोबर, बुधवार (कोजागिरी)

अभ्यंग तेल. आयुर्वेदातलं माप एकास चारास सोळा: वनस्पतीचा कल्क (वाटलेला लगदा) एक भाग, तेल चार, पाणी सोळा. मी अर्धा लिटर तिळाचं तेल, १२५ ग्रॅम कल्क (वाळा, कचोरा, नागरमोथा भिजवून वाटून), दोन लिटर पाणी घेतलं. पाणी नळाचं, बोअरचं नाही, नाहीतर दोन लिटर पाण्यातले क्षार सगळे कढईतच राहणार. मंद गॅसवर पाणी आटेपर्यंत उकळायचं, पूर्ण आटलं पाहिजे हा सगळा खेळ.

सकाळी नऊला ठेवलं. दुपारी बाराच्या पुढं बुडबुडे कमी झाले, वास सुंदर, आणि तेवढ्यात खालून ओरडा, पाणी आलं. चार दिवसांनी आलेलं पाणी, मोटर लावायची, पिंप भरायचं, मी गॅस बंद करून पळाले. परत आल्यावर तेल स्वच्छ दिसलं, झालंच आहे म्हणून गाळून बाटल्यांत भरलं.

२० ऑक्टोबर, रविवार

तेलाच्या बाटल्यांत तळाला धुरकट थर आणि आंबूस वास. पाणी राहिलं होतं. चाचणी माहीत होती, केली नव्हती: कापसाची वात तेलात भिजवून पेटवायची, तडतडली तर पाणी आहे, गुपचूप जळली तर झालं. दुसरी खूण कल्काची, बोटांत वळला तर न चिकटता वात वळते. आणि तेल होत आलं की वर बारीक फेस येतो (तुपाचं उलटं, तिथं फेस बसतो). या तेलाची वात लावली तर लवंगी फटाक्यांची माळ. वास आलेलं परत उकळून उपयोग नाही, दिव्याला वापरू म्हटलं तर देवघरात तडतड, शेवटी मोटारसायकलच्या चेनला. अर्धा लिटर घाण्याचं तीळ तेल, दोनशे रुपये, शिवाय गॅस.

त्याच दिवशी परत केलं, पाण्याचा वार नसताना. शेवटच्या अर्ध्या तासात कढईसमोरून हललेच नाही, पाणी संपलं की तेल एकदम तापतं आणि कल्क जळून कडवट होतो. गरम असतानाच गाळलं, बाटल्या आदल्या दिवशी धुऊन उन्हात उलट्या. वात गुपचूप जळली.

साबणाचं तर वेगळंच. पहिली बॅच कशीबशी कापून लोखंडी मांडणीवर वाळत ठेवली होती. आज बघते तर वड्यांवर केशरी ठिपके, खाली जिथं लोखंडाला टेकल्या होत्या तिथं जास्त, आणि हुंगलं तर खवट, जुन्या फरसाणासारखा वास. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल फार, साधारण तीन चतुर्थांश, ते हवेत लवकर खवट होतं, लोखंड लागलं की आणखी लवकर, आणि अशा तेलाचा साबण मुळात मऊच राहतो. खायला करडई उत्तम. साबणात निम्म्यापेक्षा जास्त घालायचा माझा हट्ट सोलापूरच्या अभिमानाचा होता, रसायनशास्त्राचा नव्हता. पाच-सहाशे रुपये आणि महिना गेला. या वड्या फरशी पुसायला.

दुसरी बॅच लगेच घातली, दिवाळीला मिळणार नाही हे मान्य करून. तेल ५०० ग्रॅम: नारळ ३००, शेंगदाणा १२५, एरंडेल ५०, करडई २५ (नावापुरती का होईना). यावेळी ८ टक्के कमी सोडा, कारण नारळ जास्त झाला की साबण अंगावरचं तेल फार ओढतो, हे मोकळं तेल त्यावर उतारा. त्याचे ७५ ग्रॅम. शिवाय सायट्रिक अॅसिड १० ग्रॅम पाण्यात आधी विरघळवलं, ते सोडा खातं म्हणून सोडा ६ ग्रॅम जास्त, एकूण ८१. सायट्रिक आणि सोडा मिळून जे सोडियम सायट्रेट होतं ते पाण्यातल्या कॅल्शियमला पकडून ठेवतं, साका कमी होतो, शिवाय खवटपणालाही थोडा आळा. पाणी १६५ ग्रॅमच. पंधरा मिनिटात जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कापता आलं. हळद नाही, रंग नाही. लाकडी फळीवर वर्तमानपत्र घालून ठेवलं, एकमेकीला न लावता.

२७ ऑक्टोबर, रविवार

पॅकिंग. उटणं १०० ग्रॅमच्या कागदी पुड्यांत, आत बटर पेपर, तेल छोट्या काचेच्या बाटल्यांत. प्लॅस्टिकच्या पिशवीत उटणं थोडं जरी गरम असताना भरलं तर आतून घाम येतो, म्हणून रात्रभर ताटात पसरून ठेवलं.

हिशोब: वाया गेलेलं धरून सगळं मिळून अडीच हजारांच्या जरा वर, त्यात साधारण तीन किलो उटणं आणि सव्वा लिटर तेल. म्हणजे विकतच्यापेक्षा स्वस्त पडलं असं म्हणता येत नाही, दुपारी धरल्या तर नाहीच. पुढच्या वेळी निम्मा खर्च व्हावा, कारण निम्मं सामान मी शिकण्यात घालवलं.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांनी लावलं. तेल, दहा मिनिटं थांबून उटणं पाण्यात नाही तर दुधात कालवून, मग कोमट पाणी. मोरी तुंबली नाही, पण जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा बांधला होता हे सांगायला पाहिजे, आंघोळ झाली की तो उचलून कुंडीत झटकायचा. फरशी तेलानं गुळगुळीत होते, म्हाताऱ्या माणसांना पाट द्या आणि फरशी लगेच पिठानं घासून घ्या. भावानं आंघोळीनंतर विकतचा साबण पण लावला, मग विचारतोय काही फरक वाटत नाही.

अक्कांना पुडी दिली. त्यांनी हुंगून, बोटात चोळून बघितलं आणि "संत्र्याची साल कमी कर" एवढंच. पुढच्या वर्षी ५० ऐवजी ३०.

२२ डिसेंबर, रविवार

साबण दुसरी बॅच, नऊ आठवडे झाले. ठिपके नाहीत, वास नाही, वडी कडक. जिभेच्या टोकाला लावून बघितली, झिणझिण नाही म्हणजे मोकळा सोडा उरलेला नाही. परत तीन बाटल्यांची चाचणी, बोअरच्या पाण्यात फेस आला, विकतच्यापेक्षा बरा, चोथा आहे पण कमी. पूर्ण गेला नाही, जाणारही नाही, साबण म्हटलं की क्षाराच्या पाण्यात थोडा साका राहणारच. शेवटचा एक तांब्या नळाच्या पाण्याचा घेतला तर अंग मोकळं वाटतं, पण तेवढं पाणी कुणाकडं आहे ते ज्यानं त्यानं बघावं. वडी जाळीवरच ठेवा, घरच्या साबणात ग्लिसरीन तसंच राहिलेलं असतं, ओल्या डब्यात दोन दिवसात त्याची पेस्ट होते.

थंडी पडलीय, टाचांना भेगा सुरू, म्हणून सोबत एक मलम: कोकमचं तेल (कोकणात मुठेल म्हणतात, पांढरे घट्ट गोळे मिळतात) ४० ग्रॅम, तिळाचं ६०, मधमाशीचं मेण २०. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, त्यामुळं डायरेक्ट गॅसवर नाही, उकळत्या पाण्यात वाटी ठेवून, आणि त्या पाण्याचा थेंबही वाटीत जाऊ द्यायचा नाही. भांडं नंतर धुऊ नका, गरम असतानाच कागदानं पुसा, बोअरच्या गार पाण्यात मेण सिंकला कायमचं चिकटतं. आता डिसेंबरात हे माप बरोबर बसलंय, बोटानं निघतं. एप्रिल-मेमध्ये डबीत पातळ होईल असं दिसतंय, तेव्हा मेण ३० करून बघणार आणि त्याची नोंद तेव्हा.